राजवाड्याच्या फरशीचं माहेर

मंडळी, बडोद्याच्या माणसाला लक्ष्मीविलास पॅलेसबद्दल विचारू नये. विचारलं तर चहा गार होईपर्यंत ऐकावं लागतं. १८७८ ला काम सुरू, १८९० ला पुरं, आधी मेजर मँट, तो गेल्यावर चिझम, दरबार हॉलमधली व्हेनिसच्या कारागिरांची मोझेक फरशी, फेलिची नावाच्या इटालियन शिल्पकाराचे पुतळे. ग्वाल्हेरकर असाच जयविलास सांगतात, इंदूरकर लालबाग. आणि तिन्हीकडे गाइड एका वाक्यावर आला की त्याचा आवाज चढतो : ‘ये सब इटालियन मार्बल है.’ आपण सगळे खाली बघतो, कुणीतरी वाकून हात लावून बघतं, आणि पुढच्या दालनात जातो.

महाराजांचं नाव आपल्याला पाठ असतं, आर्किटेक्टचं थोडंफार. दगडाचं गाव कुठलं, हे कुणी विचारत नाही. आज त्या गावाबद्दल लिहितो. लांबेल, पण वाचा.

इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावर, पिसाच्या थोडं वर, समुद्राला अगदी लागून एक डोंगररांग उभी आहे. अपुआन आल्प्स म्हणतात तिला. खाली किनाऱ्यावर छत्र्या, खुर्च्या, आइस्क्रीम. आणि मान वर केली की भर उन्हाळ्यात पांढरे डोंगर. नवखा माणूस म्हणतो, बर्फ पडलाय. तो बर्फ नाही. दोन हजार वर्षं फोडलेल्या दगडाचा चुरा उतारावरून खाली ओघळलाय, तो पांढरा दिसतो. पायथ्याशी कॅरारा शहर. शहराच्या डोक्यावर खाणींची तीन खोरी : तोरानो, फांतिस्क्रित्ती आणि कोलोन्नाता. तिसऱ्या खोऱ्याच्या टोकाशी, समुद्रापासून साधारण ५३० मीटर उंचीवर, कोलोन्नाता नावाचंच गाव आहे. बडोदेकरांसाठी सांगायचं तर पावागढला माचीच्या थोडं वर आल्यासारखं. वस्ती तीनशेच्या आतबाहेर. गावाच्या तिन्ही बाजूंना कापलेले डोंगर, पायऱ्यापायऱ्यांचे, जणू कुणी राक्षसाने बर्फीच्या वड्या पाडल्यात.

शब्दाचीही एक गंमत आहे. आपण संगमरवर म्हणतो तो फारसी ‘संग-ए-मरमर’, म्हणजे मरमराचा दगड. त्यातला मरमर मूळ ग्रीक. आणि इटालियन लोक ज्याला ‘मार्मो’ म्हणतात तोही त्याच ग्रीक शब्दाचा मुलगा. म्हणजे आपली आजी देवघराच्या पांढऱ्या पाटाला संगमरवरी म्हणायची आणि कोलोन्नाताची आजी डोंगराला मार्मो म्हणायची, तेव्हा दोघी एकच शब्द बोलत होत्या. दगड जहाजाने आला, शब्द त्याच्या कितीतरी आधी पायी चालत आला.

गावाच्या नावाची कथा अशी सांगतात की रोमनांनी खाणीत राबवायला आणलेल्या गुलामांची ही वसाहत, म्हणून कोलोन्नाता. नावाचं काहीही असो, गुलाम होते यात शंका नाही. खोऱ्यात फोस्साकावा नावाची रोमन खाण आजही पाहता येते, छिन्नीच्या घावांच्या तिरप्या रेघा कातळावर तशाच आहेत. रोमनांचं बंदर होतं लूना, जवळच. म्हणून या दगडाचं जुनं नाव लूनाचा दगड. रोममधला त्राजानाचा स्तंभ याच दगडाचा. पुढे रोम पडलं, बंदर गाळाने भरलं, आणि कित्येक शतकं डोंगराला विसावा मिळाला.

मग मायकेलअँजेलो. त्याच्याबद्दल सगळ्यांनाच माहीत आहे, म्हणून पटकन सांगतो : ‘पिएता’च्या दगडासाठी तो १४९७ साली स्वतः कॅराराला आला, आणि १५०५ मध्ये पोप ज्युलियसच्या थडग्याचा दगड निवडायला आला तो आठ महिने राहिला. टूरिस्ट पुस्तकं इथेच थांबतात. जणू मायकेलअँजेलो आला, दगड आपोआप खाली उतरला आणि आपोआप डेव्हिड झाला!

डोंगर कुणाचा, हा प्रश्न या गावांत फार जुना आहे. जुन्या रिवाजाप्रमाणे खाणीची जमीन आसपासच्या गावांच्या सामाईक मालकीची. आपल्याकडे गायरान असायचं तसंच, फक्त गवताऐवजी दगड. १ फेब्रुवारी १७५१ ला मारिया तेरेसा चिबो-मालास्पिना या तिथल्या राणीसाहेबांनी एक हुकूम काढला. ज्यांच्या नावावर वीस वर्षांपेक्षा जास्त काळ सरकारी नोंदवहीत खाण चढलेली आहे त्यांना हात लावायचा नाही, असा त्याचा सार. बाईंचा हेतू भांडणं मिटवायचा असावा. त्याच बाईंनी १७६९ मध्ये कॅराराला शिल्पकलेची अकादमी काढली, ती आजही चालते, तेव्हा त्यांना अगदीच दुष्ट म्हणवत नाही. पण त्या एका हुकुमाच्या आधाराने काही घराण्यांनी पिढ्यान् पिढ्या खाणी आपल्याच म्हणून चालवल्या, आणि वाद २०१६ साली इटलीच्या घटना न्यायालयापर्यंत गेला. या खाणी सार्वजनिक आहेत असं तोस्काना प्रांताने कायद्यात लिहिलं होतं; न्यायालय म्हणालं, ते ठरवणं प्रांताच्या हातात नाही. वतनाची भांडणं कोर्टात पणजोबापासून चालत आलेल्या आपल्या लोकांना यात नवल वाटू नये. अडीचशे-पावणेतीनशे वर्षं म्हणजे तसं ताजंच प्रकरण.

आता येतो आपल्या राजवाड्यांच्या काळाकडे. एकोणिसाव्या शतकात संगमरवराची मागणी अफाट वाढली. लंडनच्या बँका, अमेरिकेतली सरकारी घरं, जगभरातली थडगी, आणि आपली संस्थानं. ग्वाल्हेरचा जयविलास १८७४ चा, तो बांधला मायकल फिलोज याने. फिलोज घराणं मूळ नेपल्सचं, महादजी शिंद्यांच्या वेळेपासून शिंद्यांच्या फौजेत. ग्वाल्हेरकरांना हे वेगळं सांगायला नको. इंदूरचं लालबाग १८८६ ला सुरू होऊन १९२१ पर्यंत चाललं. या सगळ्या वर्षांत डोंगरावरून दगड खाली कसा येत होता ते ऐका.

खाणीत आधी सुरुंग. दारू ठासून कडा उडवायचा. जे कोसळेल त्यातलं कामाचं थोडं, बाकीचा चुरा उतारावर लोटून द्यायचा. (तोच तो ‘बर्फ’.) शतक संपता संपता तारेची करवत आली : पोलादी तारेचा पीळ, कप्प्यांवरून सतत फिरणारा, त्याच्याखाली वाळू आणि पाणी. कापते ती वाळू, तार फक्त तिला ओढत नेते. दिवसभरात काही बोटं खोल. त्याआधी आणि त्यानंतरही, कापलेला ठोकळा चौरस करायचा तो छिन्नी-हातोड्यानेच.

मग खरी परीक्षा. वीस-पंचवीस टनांचा ठोकळा, कधी त्याहून जड, हजार-दोन हजार फुटांच्या उभ्या उतारावरून खाली न्यायचा. याला ते लिझ्झातुरा म्हणत. लिझ्झा म्हणजे लांब ओंडक्यांची घसरगाडी. तिच्यावर दगड ठेवून जाड दोरांनी आवळायचा. वरच्या बाजूला कातळात भोकं पाडून लाकडाचे जाड खुंट रोवलेले असत, त्यांना दोराचे दोन-तीन वेढे. खुंटापाशी बसलेली माणसं वेढा जरा सैल करतील तेवढीच गाडी पुढे सरकणार. खाली साबण चोपडलेल्या लाकडी फळ्या आडव्या टाकायच्या, गाडी त्यांवरून घसरली की मागची फळी उचलून पळत पुढे आणायची, पुन्हा साबण, पुन्हा आडवी. दहा-बारा माणसांची टोळी. आणि सगळ्यांच्या पुढे, दगडाच्या तोंडासमोर, उताराकडे पाठ करून उभा असे तो कापोलिझ्झा, टोळीचा म्होरक्या. हाताच्या खुणा आणि हाक, एवढ्यावर तो वरच्या खुंटवाल्यांना सांगायचा, सोड, धर, सोड. दोर तुटला तर पहिला तोच.

दोर तुटत असत.

मी हे एकदा पाहिलंय. म्हणजे खरं काम नव्हे. खरं काम १९६० च्या दशकात थांबलं. आता तिथले लोक उन्हाळ्यात एक दिवस जुन्या पद्धतीने ठोकळा उतरवून दाखवतात, म्हातारे कामगार आणि त्यांची नातवंडं मिळून. टुरिस्टांसाठी आहे, दगडही लहान असतो, तरी तो कापोलिझ्झा हाक द्यायचा तेव्हा आजूबाजूची सगळी माणसं गप्प व्हायची. साबणाचा वास येत होता. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आजींनी पूर्ण वेळ पदर, म्हणजे त्यांचा रुमाल, तोंडाशी धरला होता. त्या खेळ बघायला आल्या नव्हत्या एवढं मला कळलं, भाषा येत नसताना.

डोंगर उतरला की खालून बंदरापर्यंत बैल. चार्ल्स डिकन्स या खाणी बघायला गेला होता आणि १८४६ च्या ‘पिक्चर्स फ्रॉम इटली’ या प्रवासवर्णनात त्याने त्याबद्दल लिहिलं. नदीचं दगडगोट्यांचं पात्र हाच रस्ता, शेकडो वर्षं तोच, कुणी नीट करत नाही. जोडीच्या जोडी जुंपलेल्या, गाडीवान जुवावर उलट तोंड करून बसलेला, हातात लोखंडी टोकाची काठी. बैल जागीच मरत, माणसंही चाकाखाली जात. डिकन्सला बैलांची दया आली, आणि त्याला सगळ्यात जास्त खटकलं ते हे की कुणाला यात काही खटकतच नव्हतं. पुढे १८७६ ते १८९० या काळात खाणींसाठी खास रेल्वे बांधली गेली, मार्मिफेरा तिचं नाव, बोगदे, पूल, सगळं. ती कोलोन्नाताच्या खोऱ्यापर्यंत जायची. १९६४ मध्ये तीही बंद झाली, ट्रक आले. १८७६ ते १८९० ही वर्षं पुन्हा वाचा. लक्ष्मीविलासचं बांधकाम जवळजवळ त्याच वर्षांतलं.

खाणवाले राहायचे कोलोन्नाता, बेदित्सानो, तोरानो असल्या गावांत, आणि कामाला निघायचे पहाटे काळोखात. कंदील घेऊन दोन-दोन तास चढ. वर पोचेपर्यंत अंगातली निम्मी ताकद संपलेली. संध्याकाळी तेवढंच उतरायचं. डोंगरावर शिंग फुंकायची पद्धत होती. सुरुंग लावायच्या आधी शिंग वाजायचं, म्हणजे आडोशाला व्हा. आणि एखादा मेला की सगळ्या खाणींतलं काम थांबायचं, फक्त त्याच्या खाणीतलं नव्हे. हत्यारं खाली ठेवून सगळे उतरायला लागायचे. दिवसाउजेडी माणसांची रांग खाली येताना दिसली की गावातल्या बायका दारात येऊन उभ्या राहत. कुणाचा, हे अजून कळायचं असे.

अशा ठिकाणी माणसं देवभोळी होतील नाहीतर बंडखोर. ही दोन्ही झाली. गावातल्या सान बार्तोलोमेओच्या देवळात मेणबत्त्याही लागत, आणि कॅरारा हे साऱ्या इटलीत अराजकवाद्यांचं माहेरघर म्हणून ओळखलं जाऊ लागलं. आधी इथे मात्सिनीच्या प्रजासत्ताकवाद्यांचं वजन होतं. हो, तोच मात्सिनी ज्याचं आत्मचरित्र सावरकरांनी मराठीत आणलं आणि १९०७ साली छापलं गेलं. पण खाणकामगारांना पुढे वाटायला लागलं की राजा जाऊन राष्ट्राध्यक्ष आला तरी दोर ओढणारे आपणच. जानेवारी १८९४ मध्ये सिसिलीतल्या शेतकऱ्यांच्या बाजूने म्हणून इथले कामगार उठले. क्रिस्पीच्या सरकारने लष्कर घातलं, लष्करी कोर्टं बसवली, शेकडो माणसांना लांबलचक शिक्षा ठोठावल्या. लुइजी मोलिनारी नावाच्या वकिलाला तेवीस वर्षं! नंतर माफी देऊन सोडावं लागलं, कारण देशभर बोंब झाली.

इथे एक आडवाट घेतो, ती आपल्याच घराकडे जाते. बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी मुंबईला राणी व्हिक्टोरियाचा पुतळा दिला होता. मॅथ्यू नोबल या इंग्रज शिल्पकाराने तो पांढऱ्याशुभ्र संगमरवरात घडवला, १८७२ मध्ये तो उभा राहिला, खंडेराव तोपर्यंत वारले होते. त्यावेळी मुंबईत लोक तो बघायला मुद्दाम जात. ऑक्टोबर १८९६ च्या एका रात्री कुणीतरी त्याला डांबर फासलं आणि जोड्यांची माळ घातली. ते कुणी केलं हे पुढे दामोदर चापेकरांनी स्वतःच सांगितलं. आज तो पुतळा भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. संगमरवराचं असं आहे. राजनिष्ठा दाखवायची तर संगमरवर, आणि राग काढायचा तरी तोच सापडतो. डांबर पांढऱ्यावरच उठून दिसतं ना.

कॅराराच्या कामगारांनी मात्र डांबराऐवजी घड्याळ हातात घेतलं. ११ जुलै १९११ ला बेत्तोल्यी खाणीत कडा कोसळला आणि दुपारच्या सुट्टीत सावलीला टेकलेली दहा माणसं गेली. त्याच वर्षी आल्बेर्तो मेस्की नावाचा अराजकवादी कामगार संघटनेचं काम बघायला कॅराराला आला. बुटका, हट्टी माणूस म्हणून त्याची आठवण सांगतात. आठ वर्षांनी, १९१९ मध्ये, या संघटनेने खाणकामगारांसाठी साडेसहा तासांचा दिवस मिळवला. साडेसहा! तेव्हा जगभर आठ तासांसाठी मारामारी चालली होती. त्यांचं म्हणणं साधं होतं : डोंगर चढण्या-उतरण्याचे तास तुमच्या हिशोबात येत नाहीत, आमच्या गुडघ्यांत येतात. मला विचाराल तर या गावांनी जगाला दिलेल्या वस्तूंमध्ये डेव्हिडच्या खालोखाल हे साडेसहा तास धरायला हवेत. खालोखाल तरी का म्हणू?

मग मुसोलिनी आला. ११ सप्टेंबर १९२६ रोजी रोममध्ये त्याच्या गाडीवर बॉम्ब टाकणारा जिनो लुचेत्ती हा याच भागातला, कॅराराच्या आवेंत्साचा. बॉम्ब गाडीवर आपटून बाहेर फुटला, मुसोलिनी वाचला. आणि दोनच वर्षांनी त्याच मुसोलिनीच्या नावाच्या स्तंभासाठी फांतिस्क्रित्तीच्या खोऱ्यातून तीनशे टनांचा एकसंध दगड काढला गेला. साठ बैल जुंपून तो समुद्रापर्यंत नेला, तिथून खास तराफ्यावर रोमला. आजही तो रोममध्ये उभा आहे, नावासकट. ज्या गल्ल्यांतून लुचेत्ती मोठा झाला तिथल्याच माणसांनी तो ओढला. पोटाला पक्ष नसतो.

१९४४ चं तर सांगवत नाही, पण सांगतो. जर्मनांची शेवटची संरक्षक फळी, गॉथिक लाइन, पश्चिमेला इथेच समुद्राला भिडत होती. जुलैमध्ये त्यांनी हुकूम काढला, कॅरारा रिकामं करा. पुरुष बहुतेक डोंगरात, खाणींत लपलेले. ७ जुलैला शहरातल्या बायका भाजी बाजाराच्या चौकात जमल्या आणि जर्मन कचेरीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. हलल्या नाहीत. काही दिवसांत हुकूम मागे घ्यावा लागला. पण १२ ऑगस्टला किनाऱ्याकडेच्या दुसऱ्या डोंगरगावात, सांतान्ना दी स्तात्सेमामध्ये, एस.एस.च्या सैनिकांनी एका सकाळी पाचशेच्या वर माणसं मारली, त्यांत कितीतरी पोरं. १६ सप्टेंबरला कोलोन्नाताच्या शेजारच्या बेर्जोला फोस्कालिनात सत्तरच्या वर. खाणींच्या वाटा पाठ असलेले लोक पार्टिझानांच्या तुकड्यांत होते, त्यातल्या एका तुकडीने लुचेत्तीचंच नाव घेतलं होतं.

इतकं सगळं झाल्यावर कोलोन्नाता आज जगात कशासाठी प्रसिद्ध आहे? डुकराच्या चरबीसाठी. हसू नका. (शाकाहारी मंडळींनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल, पण त्यात मसाले आहेत.) खाणकामगार पहाटे निघताना पाव, टोमॅटो, कांदा आणि या चरबीच्या पातळ चकत्या बांधून न्यायचा. गरिबाचं खाणं, पण दिवसभर दगड फोडायला ताकद देणारं. करायची पद्धत बघा. कोलोन्नाताच्याच संगमरवराची, एका ठोकळ्यातून कोरलेली पेटी. ती आतून लसणीने घासायची. मग पाठीच्या चरबीचे तुकडे आणि मीठ, मिरी, रोझमेरी, लसूण असे थर. कुणी दालचिनी घालतो, कुणी लवंग, धने, जायफळ. प्रत्येक घराचं गुपित वेगळं, आणि शेजारणीचं कधीच बरोबर नसतं. वर संगमरवराचंच झाकण. निदान सहा महिने मुरवायचं. आपल्या लोणच्याच्या बरणीचं शास्त्र तंतोतंत. २००० च्या सुमारास आरोग्य खात्याची माणसं आली आणि म्हणाली, दगडाची पेटी चालणार नाही, स्टीलची वापरा. गाव भडकलं. बाहेरच्या जिभेच्या चाहत्यांनीही बाजू घेतली. शेवटी २००४ मध्ये युरोपीय संघाने या चरबीला गावाच्या नावाची मोहर दिली, आपल्याकडे भौगोलिक मानांकन म्हणतात तशी, आणि त्यात संगमरवरी पेटीही आली.

मी गेलो तेव्हा पिसाहून आगगाडीने कॅरारा-आवेंत्सा, तिथून बस, मग दुसरी बस. रस्ता वळणावळणाचा, समोरून ठोकळे लादलेले ट्रक. झाडांच्या पानांवर, कठड्यांवर, घरांच्या दारांवर पांढरी धूळ. कॅराराची कारिओने नदी पावसानंतर दुधासारखी वाहते, ते दूध म्हणजे दगड कापतानाचा गाळ. मासे त्यात कसले जगणार. आता वाळूची तार गेली, १९७० च्या दशकाअखेरपासून हिऱ्याच्या कणांची तार आली, तासात चिरते ते पूर्वी आठवड्यात चिरायचं. दगड भराभर निघतो, माणसं मात्र थोडीच लागतात. आणि निघालेल्या मालापैकी मोठा वाटा ठोकळा म्हणून बाहेर पडतच नाही. तो चुरा होऊन कॅल्शियम कार्बोनेट म्हणून जातो : कागदात, रंगात, टूथपेस्टमध्ये. राजवाड्याच्या पायरीचा भाऊबंद आपण सकाळी बेसिनमध्ये थुंकतो. डोंगराची शिखरं खरोखर बुटकी होत चालली आहेत, जुने फोटो शेजारी ठेवून बघता येतं. गावातले काही जण म्हणतात, बंद करा. काही म्हणतात, बंद करून खायचं काय, चरबी? बसमधल्या ज्या माणसाने मला हे मोडक्या इंग्रजीत सांगितलं त्याचा भाऊ खाणीत होता आणि मुलगी पर्यावरणवाल्यांच्या मोर्च्यात. घरी जेवताना काय बोलता, असं मी विचारलं. म्हणाला, फुटबॉल.

गावाच्या चौकात संगमरवराचं स्मारक आहे, खाणकामगारांचं. राजा नाही, संत नाही, सेनापती नाही. हत्यारं घेतलेली, दगड उतरवणारी माणसं. त्याच्या पायाशी बसून लोक ती चरबी लावलेला पाव खातात, पोरं त्याला टेकून मोबाइल बघतात. लक्ष्मीविलासच्या फरशीवर मी शाळेच्या सहलीपासून किती वेळा उभा राहिलो असेन. चपला काढायला सांगतात, आपण काढतो, महाराजांचा मान म्हणून.

१४ एप्रिल २०१६ ला कोलोन्नाताच्या खोऱ्यात एका खाणीचा कडा सुटला. तिघं वर काम करत होते. एक दोरावर लटकत राहिला, त्याला वाचवलं. दोघं दगडाखाली गेले. आता शिंग नाही, मोबाइल आहेत, बातमी मिनिटात खाली पोचली. तरी त्या दिवशी सगळ्या खाणींतली माणसं हत्यारं ठेवून खाली उतरली, आणि दुसऱ्या दिवशी डोंगरावर एकही ट्रक चढला नाही.